झनकोची हाक

मोहाचं रान आजच्यापेक्षा दाट होतं आणि गावाच्या पोटाची सगळी भिस्त त्या रानावर होती, त्या काळची ही गोष्ट. कोसमटोल्यात झनको नावाची एक बाई राहायची. नवरा तरणाताठा गेलेला, पोटी मूल नाही. चैत्र लागला की ती पहाटे टोपली घेऊन ओढ्याकाठच्या मोहाखाली फुलं वेचायला जायची. त्याच झाडाखाली फुलं खायला एक अस्वलीण यायची.

अस्वलाला लांबचं नीट दिसत नाही. माणूस अचानक समोर आला की ते बिथरतं आणि अंगावर येतं. म्हणून झनको लांबूनच हाक द्यायची, "बाई, मी आली वं," आणि थांबायची. अस्वलीण फुसफुसत झाडीत सरकली, की मग पुढे व्हायची. अर्धी फुलं वेचायची, अर्धी तिच्यासाठी ठेवायची. गावातल्या बाया चिडवायच्या, तर ही म्हणायची, "माही बहीण हाय थे." असं म्हणतात, की पिल्लं झाली तेव्हा अस्वलीण त्यांना पाठीवर घेऊन आधी झनकोला दाखवायला आली. आता तुम्ही हसाल. हसा बापडे, मी तर ऐकलं तेच सांगतोय.

फुलं जमिनीवर स्वच्छ दिसावीत म्हणून सगळे लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून द्यायचे. झनको मात्र झाडूनच काढायची. पण एका वर्षी तिची कंबर धरली. पाचोळा तर गुडघाभर साचलेला. "एवढ्या खेपेलाच," असं स्वतःशी म्हणत तिने आग लावली.

वारा फिरला. आग ओढ्यावरच्या कपारीपर्यंत गेली, आणि अस्वलिणीचं बिऱ्हाड नेमकं तिथेच होतं. पिल्लं पाठीवर घेऊन ती धुरातून निघाली आणि डोंगर चढून गेली. जाताना एकदा तिने वळून पाहिलं, असं म्हणतात. झनको हातात जळकी फांदी घेऊन उभी होती.

पुढच्या चैत्रात झनकोने ती जागा हाताने साफ केली, अर्धी फुलं ठेवली, हाक दिली. झाडीत काही हललं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. ठेवलेली फुलं जागीच सुकायची. वारुळं उकरून रोपं खाणारी वाळवी फस्त करायला कुणी नव्हतं, पिकली फळं खाऊन बिया रानभर टाकायला कुणी नव्हतं. मोहाची नवी रोपं दिसेनाशी झाली. लोक म्हणायचे, "झनको, सोड आता. जनावरच ते." तिला ते पटायचं नाही. बहिणीची आठवण यावी तशी तिला अस्वलिणीची आठवण यायची, आणि ती आठवण जुनी होतच नव्हती.

झनको म्हातारी झाली. तिलाही लांबचं दिसेना. एका पहाटे फुलं वेचणाऱ्या बायांनी तिची हाक ऐकली. नेहमीसारखी ती थांबली असावी. मग झाडीतून फुसफुसणं आलं. बाया धावत गेल्या, तर झाडाखाली तिची टोपली होती आणि ओल्या मातीत दोन माग शेजारी शेजारी डोंगराकडे गेलेले, एक बाईच्या पावलांचा, एक पंजांचा. माथ्यावरच्या कातळापर्यंत ते सोबत होते, असं म्हणतात.

कोसमटोल्यात आजही मोहाखाली कुणी आग लावत नाही. पाचोळा झाडतात, अर्धी फुलं ठेवतात. रानात शिरताना सगळ्यांत पुढची बाई हाक देते, "बाई, आम्ही आलो वं." मग सगळ्या थांबतात. पण ही हाक आता अस्वलिणीला असते की झनकोला, ते कुणी कुणाला विचारत नाही.