येसूचे जरीचे पोलके

एका पेठेच्या गावात मोरशेट नावाचा एक दाणेव्यापारी राहत होता. माणूस तसा वाईट नव्हता, निदान पेठेत तरी तसे कोणी म्हणत नसे. त्याला घमेंड होती ती एकाच गोष्टीची, आपल्या अंदाजाची. पोत्यात मूठ घालून तो सांगे, "दोन मण, वर तीन शेर." तागडी लावली की नेमके तेवढेच भरे. गाय पाहून तो दूध सांगे, उभे पीक पाहून रास सांगे. गावाने त्याला इतके डोक्यावर घेतले होते की आपणही कधी चुकू शकतो, हे मोरशेट साफ विसरून गेला होता.

त्याला येसू नावाची एकुलती एक मुलगी होती. तेरा वर्षांची, सडसडीत, आणि गळा देवाने दिलेला. पहाटे जात्यावर बसून तिने ओवी धरली की पाणी भरायला निघालेल्या बायका मोरशेटच्या दाराशी थांबत. घरी चूल खोळंबली आहे, सासू वाट पाहते आहे, हे कळत असूनही थांबत.

त्या राज्यात एक रीत होती. दरसाल दसऱ्याला चौदा वर्षांच्या मुली राणीसाहेबांपुढे उभ्या राहून एकेक ओवी म्हणत. जिचा गळा राणीसाहेबांच्या मनात भरे, तिला वाड्यावर ठेवून घेत आणि गवईबाई तिला पाच वर्षे गाणे शिकवीत. येसूला हेच हवे होते. दागिने नकोत, जत्रा नको, फक्त हे हवे होते.

पण रीतीला एक शेपूट होते. या मुलींच्या परकर-पोलक्याचे जरीचे कापड वाड्यावरून येई, आणि ते आदल्या वर्षीच येई. आठ दिवसांत कपडे शिवून देवीपुढे ठेवायचे. ते तिथेच राहत आणि पुढच्या नागपंचमीला घरी येत. एकदा देवीपुढे ठेवलेल्या कपड्याची शिवण दसऱ्यापर्यंत उसवायची नाही, त्याला ठिगळ लावायचे नाही, असा दंडक होता. म्हणजे पोरीचे माप आज घ्यायचे आणि कपडा वर्षाने घालायचा. शहाणी माणसे कपडे ऐसपैस शिवून घेत आणि वरून शेला बांधून पोरीला उभी करीत. ध्यान थोडे गबाळे दिसे, पण गळा मोकळा राही.

येसूच्या घरी कापड आले, तेव्हा मोरशेटने सोनबा शिंप्याला बोलावले. सोनबा म्हातारा होता. गावातल्या तीन पिढ्यांची अंगे त्याने मापली होती. त्याने दोऱ्याने येसूचे माप घेतले आणि म्हणाला, "वाढतं अंग आहे, शेटजी. चार बोटं सैल बेततो."

"गेल्या वर्षी पाटलाची पोर बघितलीस ना?" मोरशेट म्हणाला. "पोत्यात घातल्यासारखी दिसत होती. लोक तोंडाला पदर लावून हसत होते. माझी येसू तशी दिसायची नाही." मग त्याने येसूला एकदा समोरून आणि एकदा पाठीमागून पाहिले, जसे तो माल पाहत असे. "बोटभर वाढेल. बोटभर धर आणि शिव."

"शेटजी, ज्वारी पोत्यात भरली की वाढत नाही. पोर वाढते."

"माझा अंदाज कधी चुकलाय?"

सोनबाने बोटभर धरले आणि शिवले.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर ती एका तंग पोलक्याची गोष्ट झाली असती. पण मोरशेट त्याच दिवशी पेठेत गेला आणि दुकानादुकानांत सांगून आला, "पुढच्या दसऱ्याला बघा. येसूचं पोलकं अंगावर ओतल्यासारखं बसेल. शेला लागायचा नाही." लोकांनी माना डोलावल्या. घरातला अंदाज आता पेठेतला शब्द झाला.

येसू वाढली. बापाला विचारून वाढायला हवे होते, पण पोरींना तेवढे कुठे कळते! तिची उंची वाढली, खांदे भरले, पाठ रुंद झाली. गळाही वाढला. पूर्वी दारापर्यंत पोहोचणारी ओवी आता वेशीपर्यंत ऐकू जाऊ लागली. रोज पाहणाऱ्या बापाला मात्र यातले काही दिसले नाही.

नागपंचमीला कपडे घरी आले. येसूने पोलके घातले. तिची आई सगुणा मागच्या गुंड्या लावू लागली, पण गुंड्या काजांपर्यंत पोहोचेचनात. पाठीवर चार बोटे अंतर राहिले. मोरशेटने सोनबाला बोलावून आणले.

"सुती पोलक्यात उभी करा," सोनबा म्हणाला. "राणीसाहेब गाणं ऐकतात, शेटजी. जरीचे धागे मोजत नाहीत."

"आणि पेठ?"

"नाहीतर हेच घाला, गुंड्या उघड्या राहू द्या आणि वरून शेला गुंडाळा."

"शेला गुंडाळला म्हणजे कबुलीच झाली," मोरशेट म्हणाला. "पोलकं बरोबर आहे. पोरगी जरा जास्त झालीय."

सोनबाने हात जोडले. "अंगावर कपडा बेततात, शेटजी. कपड्यावर अंग बेतू नका."

मोरशेटने त्याला दाराबाहेर काढले.

त्या दिवसापासून येसूच्या ताटातली एक भाकरी उचलली गेली. मग दूध गेले, मग तूप गेले. ती कळवळली तेव्हा बाप प्रेमानेच म्हणाला, "वाड्यावर गाणं शिकायचंय ना? मग एवढं सोस." ज्या गोष्टीसाठी पोर जीव टाकत होती, तिच्याच नावाने त्याने तिला उपाशी ठेवले. आणि येसूने सोसले. बापाचा अंदाज कधी चुकत नाही, असे तिनेही लहानपणापासून ऐकले होते.

श्रावण चालूच होता. श्रावणात उपासांना काय तोटा! सोमवार झाला, शनिवार झाला, एकादशी झाली, मग येसूच्या नावाने नवेनवे वार निघाले. शेजारणी म्हणाल्या, "पोर किती देवभोळी हो!" मोरशेटने ते हसून ऐकून घेतले. ज्या घरात माळ्यापर्यंत ज्वारीच्या पोत्यांची थप्पी लागलेली होती, त्या घरात पोर भुकेने कळवळत होती. पेठेला मात्र तिच्यात भक्ती दिसत होती.

रोज सकाळी मोरशेट पोलक्याच्या मापावर गाठ मारलेला दोरा तिच्या पाठीला लावी. चार बोटांची तीन झाली, तिनाची दोन. एकदा सगुणाने पोरीला पदराआड लाडू दिला. मोरशेटने येसूच्या ओठाला लागलेला कण पाहिला आणि सगुणाला म्हणाला, "तूच तिची वैरीण आहेस." सगुणाने पुन्हा लाडू दिला नाही. आईने खरे तर तेव्हाच रणकंदन करायला हवे होते. केले नाही. या कथेत तिचेही हात स्वच्छ नाहीत.

नवरात्र लागले तोवर येसूचे जाते बंद झाले होते. ओढायला बळ नव्हते. ती भिंतीला टेकून ओवी म्हणे, तीही मध्येच तुटे. "अप्पा, दम पुरत नाही," ती म्हणाली.

"तिथं एकच ओवी म्हणायची आहे," बाप म्हणाला. "एकीपुरता पुरेल."

दसऱ्याच्या सकाळी पोलके बसले. सगळ्या गुंड्या लागल्या. पेठेतून जाताना लोक दुकानांबाहेर आले. "वा, मोरशेट! अगदी ओतल्यासारखं! माणसाची नजर आहे की तागडी!" मोरशेट पुढे चालत होता. मागे येसू छोटी छोटी पावले टाकत होती, कारण मोठे पाऊल टाकले की मोठा श्वास घ्यावा लागत होता आणि मोठ्या श्वासाला पोलक्यात जागा नव्हती.

वाड्याच्या चौकात मुली रांगेत उभ्या होत्या. येसूच्या आधी बुरुडाची चिमा गायली. तिचे पोलके ढगळ होते, वरचा शेला घसरत होता. गळा बरा होता, बस इतकाच. मग येसू पुढे आली. राणीसाहेब सावरून बसल्या, कारण वेशीपर्यंत पोहोचणाऱ्या गळ्याची बातमी त्यांच्यापर्यंतही गेली होती.

येसूने पहिली ओळ म्हटली. सूर तोच होता, बायकांना दाराशी थांबवणारा. दुसरी ओळ उंच होती. त्यासाठी तिने छाती भरून श्वास घ्यायला सुरुवात केली आणि तो अर्ध्यातच अडला. सोनबाची शिवण पक्की होती. एक टाकासुद्धा निघाला नाही. येसूचे तोंड उघडे होते, पण सूर नाही. मग ती खाली कोसळली.

"काय झालं हिला? कपडे सैल करा!" राणीसाहेब उठून आल्या. सगुणा धावत आली, पण ताणलेल्या गुंड्या तिच्या बोटांना निघेनात. गर्दीतून सोनबा कंबरेची कातर काढत पुढे आला, तशा राणीसाहेब त्याला म्हणाल्या, "काप ते!"

"राणीसाहेब, देवीपुढचा कपडा आहे," पुजारी म्हणाला.

"लेकरू जातंय आणि तुम्हाला शिवण दिसते? देवीचं मी बघते. काप."

राणीसाहेबांनी आपला शालू येसूवर पांघरला. सोनबाने कातर लावली. इतके महिने जी शिवण उसवत नव्हती, ती एका शब्दासरशी उसवली. पाठीवर शिवणींचे वळ उठले होते, लाल, खोल. येसूने श्वास घेतला.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "सोनबा, जपून! जरीचं कापड कापलं जाईल."

तो मोरशेट होता. चौकातल्या माणसांनी वळून त्याच्याकडे पाहिले. त्याच्या शब्दावर आजवर माना डोलावणाऱ्या त्या माणसांत त्या दिवशी एकही मान हलली नाही.

वाड्यावर चिमा राहिली. पाच वर्षांनी ती गवईण होऊन परतली. येसू महिनाभर अंथरुणाला खिळली, मग उठली, जेवू लागली, पुढे लग्नही झाले. तिचा आवाज परत आला, पण गाणे आले नाही. ओळ उंच जायला लागली की छातीत तीच शिवण आवळल्यासारखे वाटे आणि ती थांबे. पुढेपुढे तिने सुरुवात करणेच सोडले.

पुष्कळ वर्षे गेली. सगुणा वारली. मोरशेटचे डोळे गेले, आणि न पाहता कसला अंदाज! येसू त्याला आपल्या घरी घेऊन आली. एका पहाटे जात्याची घरघर त्याच्या कानावर पडली. नुसती घरघर.

"येसू," तो म्हणाला, "एक ओवी म्हण गं. तेवढी ऐकून डोळे मिटेन म्हणतो."

जाते थांबले. "ती तुमच्या मापात बसली नाही, अप्पा," येसू म्हणाली, आणि पुन्हा दळू लागली.

मग तिने त्याच्यापुढे ताट ठेवले. तीन भाकऱ्या, वर तूप, वाटीभर दूध. त्याचा हात धरून ताटाला लावला. "जेवा," ती म्हणाली. "पोटभर जेवा."

म्हाताऱ्याने बोटांनी भाकऱ्या चाचपल्या. पोरीच्या ताटातून आपण काय काय उचलले होते, याचा त्याचा अंदाज या वेळी बरोबर आला. त्याने ताट न उष्टावता येसूच्या दिशेने सरकवले.

तात्पर्य: कपडा लेकरावर बेतावा, लेकरू कपड्यावर बेतू नये. आपला शब्द खरा करण्यासाठी जो पोटच्या पोराला कातरतो, त्याचा शब्द खरा ठरला तरी पोर त्याच्या हाती उरत नाही.