कोंडाबाईच्या पायऱ्या

खडकवेढे गावाच्या उत्तरेला एक बोडकी टेकडी आहे. तिच्या अंगावर खडकात खोदलेल्या पायऱ्या चढत जातात आणि मध्येच थांबतात. वर देऊळ नाही, चर्च नाही, साधी समाधीही नाही. नव्या माणसाला वाटतं, काम अर्धवट राहिलं असावं. गावातल्या ख्रिस्ती मंडळीतले वयोवृद्ध शांतवनकाका पाटोळे पाहुण्यांना पायथ्याशी बसवतात, पाणी देतात आणि मगच सांगायला लागतात.

फार जुनी गोष्ट. गावात तेव्हा चर्चची इमारत नव्हती. मिशनचे पाळक, म्हणजे पाद्री, वर्षातून दोनदा घोड्यावरून येत आणि लिंबाखाली उपासना होई. त्या काळी गावात कोंडाबाई नावाची पाथरवटीण राहत होती. तिचा नवरा खाणीत सुरुंगाने गेला होता. वात पेटवायचं काम धाकट्या दिराकडे, म्हसूकडे होतं. भाऊ बाहेर आला की नाही हे न पाहताच त्याने वात लावली, असं सांगतात. त्या दिवसापासून कोंडाबाई त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. छिन्नी-हातोडा मात्र तिने खाली ठेवला नाही. नवऱ्याच्या जागी स्वतः दगड घडवू लागली.

लिंबाखालची शिकवण तिने मन लावून ऐकली. बाप्तिस्म्याआधी पाळक धर्मशिक्षणाचे साठ प्रश्न विचारत. बाईला अक्षरओळख नव्हती, पण साठच्या साठ उत्तरं तोंडपाठ. ती तिने न अडखळता सांगितली. पाळक खूश झाले, पाण्याचं भांडं पुढे ओढलं. तेव्हा ती दोन पावलं मागे सरली म्हणे.

"पाळकसायेब, उत्तरं समदी आली. पर ज्याच्याबद्दल बोलतीय, त्याची अन् माझी वळख न्हाई. वळख नसताना त्याचं नाव कसं लावून घिऊ?"

लोक चरकले. कुणी म्हणालं, बाई शहाणपण करतेय. पाळक मात्र रागावले नाहीत. "मग ओळख करून घे," एवढंच म्हणाले. "मी पुन्हा येईन."

टेकडीच्या माथ्यावर तेव्हा हरबाजी गुरुजी राहत. मिशनच्या शाळेत त्यांची हयात गेली होती. डोळे गेल्यावर ते वर झोपडी बांधून प्रार्थनेत दिवस काढत. दुसऱ्याच सकाळी कोंडाबाई पाण्याची घागर घेऊन वर गेली आणि म्हणाली, "देव कळायला पायजे. किती बी दिस लागू द्या."

गुरुजी म्हणाले, "नुसतं ऐकून त्याची ओळख होत नाही, बाई. मी तुला एक वाक्य देईन. ते अंगी बाणलं, की पुढचं न्यायला ये."

वाट निसरडी होती, घागर हिंदकळायची. म्हणून बाईने ठरवलं, एक वाक्य पाळून झालं की एक पायरी खोदायची. 'कुणाची निंदा करू नको' याला तिला महिना लागला. 'उद्याची काळजी करू नको' याला अख्खा पावसाळा गेला. मनाला पटल्याशिवाय ती छिन्नी लावत नसे. शेजारणी हसत, ती हसू देई. तीन वर्षांत एकवीस पायऱ्या झाल्या.

मग गुरुजींनी पुढचं वाक्य दिलं. 'ज्याने तुझं वाईट केलं, त्याच्यावर प्रेम कर.'

कोंडाबाईने घागर तिथेच टेकवली. "दुसरं सांगा, गुरुजी."

"दुसरं आहे," गुरुजी म्हणाले, "पण ते याच्या पलीकडे आहे."

तो सबंध उन्हाळा ती वर गेली नाही. गुरुजींचं पाणी दुसऱ्याच्या हाती पाठवलं. रोज खाणीतून येताना टेकडीकडे बघायची आणि मान फिरवायची. आपण इथेच थांबलो तर ती साठ उत्तरं तेवढी उरतील, हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याचं तोंड आठवलं की जीव पेटून उठे, हेही तितकंच खरं होतं.

शेवटी ती उठली. एकविसाव्या पायरीच्या वर काळा पाषाण होता. एकटीच्या हातोड्याला तो दाद देईना. तिथे एकाने छिन्नी धरायची आणि दुसऱ्याने घण घालायचा, असंच काम. आणि घणाचा हात गावात एकाचाच होता. म्हसूने भाऊ गेल्यापासून घणाला शिवलं नव्हतं. तो लोकांची शेरडं राखत होता. कोंडाबाई त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"भावजी, पायरी खोदायचीय. छिन्नी म्या धरते. घण तुमी घाला."

म्हसू म्हणाला, "वहिनी, माझा हात चुकंल."

"चुकला तर चुकला. म्या हात काढायची न्हाई."

दोघं वर गेली. तिने दोन्ही हातांनी छिन्नी धरली. म्हसूने घण उचलला, खाली ठेवला. तीनदा असं झालं. तिच्या अंगातली शीर न् शीर सांगत होती, हात काढ, याच माणसाने घात केलाय. तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत. "घाला," ती म्हणाली. चौथ्या वेळी घण पडला, छिन्नीच्या बरोब्बर डोक्यावर.

ऊन कलेपर्यंत पायरी झाली. म्हसू खडकावर बसून हुंदके देऊ लागला. गुरुजींसाठी आणलेलं पाणी तिने त्याला पाजलं आणि तशीच वर गेली.

"गुरुजी, आज घण पडताना छिन्नी म्या एकलीनं धरली नव्हती," ती म्हणाली. "संगं कोन होता, ते कळलं."

गुरुजींनी हात जोडले. मग म्हणाले, "आता तुला माझं काम नाही."

पाळक आले तेव्हा त्यांनी साठ प्रश्न विचारले नाहीत. "ओळख झाली?" एवढंच विचारलं. "थोडी झाली," ती म्हणाली. "बाकीची जल्मभर करीन." त्याच पायरीवर तिचा आणि म्हसूचा बाप्तिस्मा झाला, असं सांगतात.

आजही खडकवेढ्यात दृढीकरण घेणाऱ्याला, म्हणजे मोठेपणी आपला विश्वास मंडळीपुढे कबूल करणाऱ्याला, पाठांतर विचारत नाहीत. ज्याच्याशी त्याचं वाकडं आहे, त्याच्या हाती घण द्यायचा, आपण छिन्नी धरायची आणि पुढची एक पायरी खोदायची. वाकडं नसलेला माणूस अजून सापडलेला नाही. मध्यंतरी बाहेरून कारागीर आणून पायऱ्या वरपर्यंत न्यायचं घाटत होतं. मंडळीने ते होऊ दिलं नाही.

गोष्ट संपली की काका पाहुण्यांना वर नेऊन स्वतःची पासष्टावी पायरी दाखवतात. चुलतभाऊ शलमोनशी बांधावरून अकरा वर्षं अबोला होता, त्यानंतरची ती. मग आपला डावा अंगठा पुढे करतात. तो पेरात वाकडा आहे. शलमोनचा एक घाव चुकला होता.

"मग तुम्ही हात काढून घेतला?" पाहुणे विचारतात.

"पायरी पुरी झालेली दिसतेय ना?" काका म्हणतात आणि काठी टेकत पुढे चढू लागतात.