नको म्हणणाऱ्यांची पंगत

"तीनदा दवंडी पिटवली आणि तीनदा तोंडघशी पडलो!" रायकोटचे धुंडिराज महाराज गरजले. "कुठंय तो फोन?"

फोन बनवणारा भानजी कारागीर दोन पावलं मागं सरला. त्याची लेक साळू पुढं झाली.

"फोन तयार आहे, महाराज. उशीर झाला खरा, पण अख्ख्या कचेरीचा कॉम्प्युटर तळहातावर बसवायचा म्हणजे वेळ लागणारच. आता अडलंय ते रेंजपाशी."

राजा, दवंडी आणि मोबाइल एकाच काळात कसे, असं विचारणाऱ्यांनी खुशाल दुसरी गोष्ट ऐकावी. रायकोटात ते होतं. आणि तिथले निम्मे टॉवर नारोशेठचे, निम्मे हरबाशेठचे. त्यांनी रेंज दिली तर तो फोन, नाहीतर नुसती पाटी! नेमकं या दोघांनीच नाक मुरडलं होतं.

"फोननं फोनसारखं राहावं!" नारोशेठ भर दरबारात फणकारले. "बोला आणि ठेवा. ज्याला कॉम्प्युटर हवा, त्यानं टेबल घ्यावं!"

"हा फोन गाणी लावणार, पत्रं धाडणार, रस्ते दाखवणार," हरबाशेठ म्हणाले. "मग आमच्या कॉलर ट्यून काय बैलांना ऐकवायच्या? त्यातलं निम्मं काढा, वर माझं नाव कोरा, मग बघू. तशी आम्हाला गरज नाही म्हणा. इतका उशीर झालाय, लोक विसरलेसुद्धा!"

हे बोलताना हरबाशेठनी हळूच नारोशेठकडं पाहिलं. नारोशेठ तर आधीपासूनच तिरक्या नजरेनं त्यांच्याकडं पाहत होते. साळूनं ते बरोबर टिपलं.

महाराज मोठे हट्टी. सिंहासनावर हात आपटून म्हणाले, "बस्स! उद्याच्या पंगतीची पानं उचलायच्या आत या दोघांनी स्वतःहून, हात जोडून फोन मागितला पाहिजे. फोनमधलं काहीएक काढायचं नाही. विनवणी नाही, आग्रह तर मुळीच नाही! जमलं नाही, तर तुझ्या बापाच्या कारखान्याला कुलूप!"

दोन्ही शेठ मिशीत हसले. भानजीनं कपाळाला हात लावला. कारखान्यापलीकडं त्या बिचाऱ्याला दुसरं जगच नव्हतं.

"कबूल!" साळू म्हणाली. "फक्त उद्या पंगतीत वाढायचं काम मला द्या."

"अगं, तुला फोन द्यायचाय की भात?"

"दोन्ही, महाराज!"

घरी जाताना भानजी कळवळून म्हणाला, "काय करून बसलीस, पोरी! आग्रह केल्याशिवाय आपल्याकडं कोणी पापडसुद्धा घेत नाही."

"तेच तर, आबा!" साळू हसली.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. समोर महाराज, इकडं दोन्ही शेठ मांडीला मांडी लावून, आणि त्यांच्या शेजारी आणखी एक पान. भोवती रांगोळी, पाट मांडलेला, पण बसायला कोणी नाही. वरणभात झाला आणि साळू जिलब्यांचं ताट घेऊन आली.

आता पंगतीत जिलबीला नाही कसं म्हणतात, हे काय सांगायला हवं? पहिला 'नको' अब्रूसाठी. दुसरा पानावर हात आडवा धरून. तिसऱ्या आग्रहाला 'बरं, तुम्ही म्हणताय म्हणून अर्धी', आणि मग चांगल्या चार! नारोशेठनीही रीतीप्रमाणं सुरुवात केली.

"नको, नको!"

"बरं," म्हणून साळू पुढं गेली.

नारोशेठचा हात पानावर तसाच राहिला. हरबाशेठनी हे पाहिलं होतं, पण जन्माची सवय! त्यांच्याही तोंडून "नको" निसटलं आणि त्यांचीही जिलबी गेली. दोघं ताटाकडं बघतच राहिले.

मग साळूनं तबक आणलं. त्यात केळीच्या पानावर लखलखता फोन.

"नारोशेठ, फोन?"

नारोशेठच्या अटी जिभेवर तयार होत्या. तिसऱ्या आग्रहाला सांगायच्या, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. "छे, नको!"

"बरं."

"अगं, पण ऐकून तरी…"

साळू हरबाशेठपाशी पोचलीसुद्धा. "हरबाशेठ?"

"नको… म्हणजे तसं…"

"बरं!" म्हणत तिनं तबक नेऊन रिकाम्या पानापुढं ठेवलं.

दोन्ही माना गर्रकन वळल्या. "हे पान कुणाचं?"

"एक माणूस जेवायचं राहिलंय, शेठ. उशीर झालाय, पण भूक दांडगी आहे. ते काही नको म्हणणार नाही."

नारोशेठना घाम फुटला. "नदीपलीकडच्या राज्यातला टॉवरवाला येतोय की काय?" ते हरबाशेठच्या कानात पुटपुटले. पण ऐकायला हरबाशेठ पाटावर होतेच कुठं?

"पोरी, इकडं आण! माझ्या सगळ्या टॉवरांची रेंज देतो!"

"आधी मी! मला पहिल्यांदा विचारलं होतं!"

"पण शेठ, निम्मं काढायचं होतं ना? नाव कोरायचं होतं?"

"काही काढू नकोस! काही कोरू नकोस! आहे तसा दे!" आणि दोघांनी वरणभाताचे खरकटे हात तिच्यापुढं जोडले.

महाराज इतके हसले की मठ्ठ्याची वाटी धोतरावर सांडली. भानजी खांबाआडून डोळे पुसत होता. हसू जरा आवरल्यावर महाराजांनी विचारलं, "पण पोरी, कोण येणार आहे ते तरी सांग! कुठल्या देशाचे शेठ?"

"शेठ कसले, महाराज! ते पान माझं आहे. वाढणारी शेवटीच जेवते. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही!"

शेठांचे चेहरे असे पडले की महाराजांना पुन्हा हसू फुटलं. सगळी पंगत खदखदा हसली, शेवटी शेठांनाही हसावंच लागलं. महाराजांनी राजवाड्याशेजारची मोक्याची जागा कारखान्याला बहाल केली, साळूला मानानं पाटावर बसवलं आणि जिलब्यांचं ताट स्वतःच्या हातात घेतलं.

"घे पोरी, आणखी घे!" महाराज आग्रह करकरून वाढत राहिले.

साळूनं ताटाचा तळ दिसेपर्यंत एकदाही 'नको' म्हटलं नाही.