वेशीवरचा हत्ती

एका बाजाराच्या गावाला जुनी दगडी वेस होती आणि तिच्या कमानीला एक बारीक तडा होता. एवढ्या म्हाताऱ्या वेशीला एखादा तडा असायचाच. सटवाजी गवंड्याने त्या तड्यावर चुन्याची एक आडवी पट्टी लिंपून ठेवली होती. पट्टी अखंड असली तर तडा जागच्या जागी आहे, पट्टी फुटली तर तडा वाढतो आहे, असे गवंड्यांचे साधे गणित. दर अमावास्येला, म्हणजे गवंड्यांच्या सुट्टीच्या दिवशी, सटवाजी शिडी लावून पट्टी बघून यायचा.

पुढे पाटलांच्या मनात आले की वेशीवर चित्र हवे. शेजारच्या गावाने चावडीवर मोर काढले होते, तेव्हापासून पाटलांना अन्न गोड लागत नव्हते. त्यांनी म्हाळोजी चिताऱ्याला बोलावले. म्हाळोजीचा हात खरोखर गुणी होता आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होते. कमानीवर अंबारीचा हत्ती काढायचे ठरले. हत्तीचे कपाळ नेमके पट्टीवर येत होते.

सटवाजीने विनवले की तेवढी वीतभर जागा उघडी सोड. म्हाळोजीला ते पटेना. कपाळाला चुना फासलेला हत्ती बघून लोक हसतील, असे त्याचे म्हणणे. शेवटी तो म्हाताऱ्याच्या शेजारी बसून गोड आवाजात म्हणाला, “काका, तुमचे गुडघे गेले. शिडी चढणं आता तुम्हाला झेपायचं नाही. पट्टीवर माझा गिलावा आला, तर नजरही मीच ठेवीन. रेघ दिसली की तुमच्या दारात येऊन सांगेन. शब्द देतो.”

सटवाजीने शब्दावर विश्वास ठेवला.

वैशाखात हत्ती उभा राहिला. काय हत्ती होता! दहा गावची माणसे बैलगाड्या जुंपून बघायला आली. संस्थानातून निरोप आला की माघातल्या जत्रेला दिवाण स्वतः येतील, आणि हत्ती मनाला आला तर राजवाड्याच्या भिंती म्हाळोजीच्याच. त्या दिवसापासून म्हाळोजीचे पाय जमिनीला लागेनात.

पावसाळा सरला आणि हत्तीच्या कपाळावर केसासारखी रेघ उमटली. म्हाळोजी घाबरला, पण वेशीसाठी नव्हे. आपला गिलावा तडकला, हे दिवाणांच्या कानी गेले तर काय, याची त्याला धास्ती. लोक अब्रू वेशीवर टांगली म्हणतात. याची खरोखरच वेशीवर टांगलेली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून त्याने रेघेत रंग भरला. आठ दिवसांनी रेघ परत आली. त्याने परत रंग भरला. महिने उलटले, तसा रंग जास्त लागायला लागला. तो भरायचा तेवढा आत जायचा. सटवाजीच्या दारावरून जाताना त्याची पावले आपोआप भरभर पडत. खालून लोक मात्र म्हणत, बघा, आपल्या चित्रावर केवढी माया. रोज शिडी चढतो.

जत्रेचा दिवस उजाडला. गाव नुसते फुलले होते. देवीची पालखी वेशीतून आत यायची आणि तिच्यामागून हजारभर माणसे. दिवाण पाटलांसोबत ओट्यावर बसले होते. म्हाळोजी शेवटचा हात फिरवायला शिडीवर चढला. रेघ आज बोटभर रुंद होती. त्याने तिच्यात बोट घातले, तर बोटाला वारा लागला. वारा पलीकडून येत होता. तडा कमान फोडून आरपार गेला होता.

दूरवर ढोल घुमायला लागले आणि प्रत्येक ठोक्याला फटीतून चुन्याची भुकटी गळायला लागली. त्याच्या मनाने म्हटले, इतकी वर्षे उभी आहे, आणखी तासभर उभी राहील. पालखी जाऊ दे, दिवाण जाऊ देत, मग सांगू. त्याने कुंचला रंगात बुडवलासुद्धा.

तेवढ्यात त्याची नजर खाली गेली. कमानीखालच्या सावलीत सटवाजी काठी टेकून बसला होता. शेजारी कोणी त्याला विचारत होते की हल्ली पट्टी कोण बघते. म्हातारा मान न उचलता म्हणाला, “म्हाळोजी बघतो की. त्यानं शब्द दिलाय. मला आता घोर नाही.”

बघता बघता पालखी पन्नास पावलांवर आली आणि ढोलांनी वेस दणाणून गेली. म्हाळोजी घसा फोडून ओरडला. ढोलांत कोणाला ऐकू गेले नाही. त्याने हात हलवले, तर लोकांनीही हसून हात हलवले. मग त्याने कमरेच्या पट्ट्यातली गिलावा खरवडायची तासणी काढली आणि आपल्याच हत्तीच्या कपाळावर घातली. एक घाव, दुसरा घाव. रंगीत गिलाव्याची ढलपी पालखीच्या वाटेवर पडली.

आता सगळ्यांनी पाहिले. आधी शिव्या आल्या, मग दगड. एक दगड त्याच्या भुवईवर बसला आणि रक्त डोळ्यांत उतरले. तो थांबला नाही. पालखी थबकली, ढोल बंद पडले. त्या शांततेत तो म्हणाला, “काका, उठा तिथनं. पट्टी फुटली आहे. पावसाळ्यापासून फुटली आहे. मी रंग भरत होतो.”

सटवाजीने वर पाहिले. ढलपी पडलेल्या जागी फुटकी पट्टी आणि काळी फट उघडी दिसत होती. तो उठला आणि काठी आडवी धरून माणसांना मागे रेटायला लागला. बायका-पोरे मागे सरली, पालखी मागे गेली, म्हाळोजीही शिडीवरून उतरून बाजूला झाला. घटकाभरात कमानीचे दोन दगड सुटले आणि रिकाम्या वाटेवर आदळले. खाली कोणी नव्हते.

पालखी त्या वर्षी शेतातल्या वाटेने गावात आली. दिवाण राजवाड्याच्या भिंतींचे नावही न काढता निघून गेले. कमानीला लाकडी टेकू लागले आणि सटवाजीने सांगितले की आता तडा सांधायचा, तर सगळा गिलावा काढून दगड मोकळा करावा लागेल. हत्ती वाचणार नाही. लोक म्हाळोजीकडे बघायला लागले. तो तासणी घेऊन शिडी चढला.

सोंड गेली, अंबारी गेली. संध्याकाळपर्यंत तो आपल्या हाताने आपले चित्र तासत होता. सकाळी ज्याने दगड मारला होता, तोच खाली शिडी धरून उभा होता. अखेर म्हाळोजी खाली उतरला आणि सटवाजीच्या पायांशी बसला. म्हाताऱ्याने त्याच्या भुवईवरचे रक्त आपल्या धोतराच्या सोग्याने पुसले आणि म्हणाला, “लेका, पहिल्या दिवशी आला असतास, तर नुसतं कपाळ गेलं असतं. हत्ती राहिला असता.”

तात्पर्य: नावाला बट्टा लागेल म्हणून चूक झाकू नये. वेळीच कबूल केली तर ती थोडक्यात निभावते. झाकत राहिलो तर आपलेही सगळे जाते आणि आपल्यावर विसंबलेल्यांच्या जिवावर बेतते.