डोहाची ओढ

शहराच्या वरच्या अंगाला एका बारक्या ओहोळात एक खेकडी राहत असे. तिच्या पोटाखाली राईएवढी पिल्लं घट्ट बिलगलेली होती. चांगली जागा बघून त्यांना पाण्यात सोडायचं, एवढंच बाकी होतं. पण ओहोळ आटत चालला होता आणि तिचा जीव अडकला होता खालच्या नदीतल्या डोहात. तो डोह म्हणजे तिचं माहेर. शहराचं सांडपाणी नदीत येऊ लागलं, मासे पोट वर करून तरंगले, तेव्हा ती जीव घेऊन इथवर चढून आली होती. बाळांनो, माहेर सुटलं तरी त्याची आठवण काही सुटत नाही.

एके दिवशी एक बगळा ओहोळावर उतरला. मोठा बोलघेवडा. "अगं खेकडीताई, अजून इथंच कुढत बसलीस? माणसांनी खाली मोठमोठ्या टाक्या बांधल्यात. गटाराचं पाणी आधी तिथं थांबतं, घाण तळाशी बसते, यंत्रं पाण्यात हवा घुसळतात आणि मग ते नदीत सोडतात. तुझा डोह आरशासारखा झालाय. मला वरून मासा न् मासा दिसतो!"

खेकडीला कुठला धीर! "चला रे पोरांनो, आजोळी," म्हणत ती दगडधोंड्यांतून खाली उतरली. डोह खरंच नितळ होता. ऊन पार तळापर्यंत पोचलं होतं. तिचा ऊर भरून आला. आता पिल्लं सोडणार, तोच तिला खेकड्यांची रीत आठवली. पिल्लं सोडण्याआधी तळचा दगड उलटून बघायचा. खाली अळ्या, किडे वळवळत असतील तरच तिथं बिऱ्हाड मांडायचं. पण तिची नांगी पुढे होईना. तिला बघायचंच नव्हतं.

"घर बघायला आलीस की दगड उचलायला?" मागोमाग उडत येऊन काठावर बसलेला बगळा खिदळला.

"आईनं शिकवलंय, दादा," असं म्हणून तिनं दगड उलटला. खाली काळा, चिकट गाळ. एक बुडबुडा वर आला आणि तोच जुना कुजका वास सुटला. अळी म्हणाल तर एक नाही.

"जुना गाळ आहे गं. आणि वीज गेली की टाक्या बंद पडतात, मग जरा काळं पाणी येतं. त्यात काय एवढं? मासे तडफडत वर येतात, माझं आयतंच पोट भरतं."

"तुला उडून जाता येतं, दादा. माझ्या पोरांना तळाशीच राहायचंय," खेकडी म्हणाली आणि जड पायांनी माघारी वळली.

ओहोळात उरलेल्या डबक्यात तिनं पिल्लं सोडली. उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून काठाला खोल बीळ खणलं. पिल्लं थोडी मोठी झाल्यावर धाकट्यानं विचारलं, "आई, आपण इथलेच का गं?"

"नाही रे. खालच्या डोहातले."

"मग जाऊया ना!"

"जाऊ. नदी दुखण्यातून नुकती उठून बसलीय. तिला चालू तर दे."

असं म्हणाली खरी. पण डोळे तिचे ओहोळ जिकडे खाली उतरत होता, तिकडेच लागलेले होते.

तात्पर्य : पाणी नितळ दिसलं म्हणून नदी बरी झाली असं होत नाही, सांडपाणी रोज, न चुकता स्वच्छ करून सोडलं, तरच तळाशी जीव परततो आणि नदी पुन्हा कुणाचं तरी घर होते.