मानकोजीचा काळवीट

खूप खूप मागची गोष्ट. तेव्हा राजे स्वतः घोड्यावर बसून प्रजेच्या घरी जायचे आणि माळावर काळविटांचे कळप बिनघोर चरायचे. बाळांनो ऐका, आणि बाळांच्या आयांनो, तुम्हीही ऐका.

एका गावात दोन चुलतभाऊ राहायचे. थोरला हैबतराव, धाकटा मानकोजी. दोघेही शिकारी. मानकोजीच्या सदरेला मागे एक खिडकी होती. खिडकीपलीकडे बोळ आणि बोळापलीकडे हैबतरावाचं दार. त्या दारातून आतल्या भिंतीवर लावलेलं काळविटाचं मुंडकं दिसायचं.

येणारे-जाणारे त्या मुंडक्याचं कौतुक करायचे. ते कौतुक बोळ ओलांडून मानकोजीच्या कानात शिरायचं. मग त्याला ताटातली भाकरी गोड लागायची नाही. तिकडे कुणी हसलं, की त्याला वाटायचं, आपल्यालाच हसले.

अशात राजांचा निरोप आला. शिकारखान्याला नवा कारभारी नेमायचा होता. दसऱ्याला राजे दोन्ही भावांच्या सदरेतली शिकार बघणार आणि मग दोघांतून एक निवडणार.

मानकोजी उठला तो थेट माळावर गेला. दिवसभर उन्हात दबा धरून त्याने भला थोरला काळवीट मारला. शिंगं अशी पिळदार, की बघणाऱ्याने बोट तोंडात घालावं. हैबतराव स्वतः बोळात आला. म्हणाला, "मानकोजी, नेम झकास लागला हो!"

"बघितलंस?" मानकोजी घरात येऊन बायकोला म्हणाला. "टोमणा मारून गेला."

"अहो, कौतुक केलं त्यांनी," सगुणाबाई म्हणाली.

"तुला नाही कळायचं."

कातडी कमावणारा भिवा आला. त्याने कातडं सोललं, मीठ चोळलं आणि विचारलं, "सरकार, नुसतं मुंडकं लावायचं?"

"मुंडकं त्याच्याकडे आहे. मला अख्खा पाहिजे."

"बसलेला करू?"

"उभा कर. मान ताठ. त्याच्या काळविटाची मान जरा खाली आहे."

भिवाने लाकडाचा सांगाडा केला, पेंढा भरला, टाके घातले. मग विचारलं, "तोंड दाराकडेच ना?"

त्या मुलखातली रीतच होती तशी. शिकारीचं तोंड दाराकडे ठेवायचं. आलेल्या पाहुण्याला आधी शिकारीने बघायचं, मग घरधन्याने.

मानकोजीने दाराकडे पाहिलंच नाही. तो खिडकीकडे बघत होता. "तिकडे कर. सकाळी दार उघडलं की हैबतरावाला पहिला हाच दिसला पाहिजे."

सगुणाबाईच्या हातातलं सूप थांबलं. "अहो, राजे आपल्या दारातून येणार, की हैबतभाऊजींच्या?"

"राजे एकदा येतील. तो रोज बघेल. रोज जळेल."

"जळायचं ते जळतंच आहे या घरात," ती हळूच म्हणाली. त्याने ऐकलं नाही.

काळवीट कुणी हलवू नये म्हणून पायांतल्या लोखंडी सळ्या त्याने सदरेतल्या दगडी चौथऱ्यात चुना ओतून पक्क्या करून घेतल्या. मग खिडकीच्या आडून बघत बसला. हैबतराव दारात आला, काळविटाकडे पाहून हसला, हात हलवला आणि तुळशीला पाणी घालायला लागला. जळणं राहिलं बाजूला! मानकोजीचीच झोप उडाली.

दसरा उजाडला. राजे घोड्यावरून उतरले, मानकोजीच्या उंबऱ्यात आले आणि तिथेच थबकले. समोर उंच चौथऱ्यावर काळविटाचे मागचे दोन पाय, आणि बरोबर राजांच्या तोंडासमोर शेपटी.

बरोबरच्या लोकांनी तोंडाला उपरणी लावली. मानकोजीने धावत जाऊन काळविटाला मिठी मारली, ओढलं, रेटलं. चुना कसला हलतोय!

"महाराज, या बाजूने... इकडून चेहरा दिसतो," तो म्हणाला.

राजे वळसा घालून पुढे गेले. त्यांनी काळविटाकडे पाहिलं, मग काळवीट कुठे बघतोय तिकडे पाहिलं. खिडकीतून समोरचं उघडं दार दिसत होतं. आतून हैबतरावाचा काळवीट थेट त्यांच्याकडेच बघत होता.

"मानकोजी," राजे शांतपणे म्हणाले, "तुमच्या घरची शिकारसुद्धा हैबतरावांच्याच घराकडे बघते. मग आम्हीही तिकडेच जातो."

पानसुपारीचं तबक सगुणाबाईच्या हातात तसंच राहिलं. राजे बोळ ओलांडून गेले, आणि शिकारखान्याची पगडी त्याच दुपारी हैबतरावाच्या डोक्यावर चढली. खिडकीतून ते सगळं अगदी नीट दिसत होतं.

म्हणून सांगते, दुसऱ्याला जळवण्यासाठी जो आपलं घर सजवतो, तो आपल्याच दारी आलेल्या भाग्याकडे पाठ फिरवतो.