चाकरीचा विडा

एका राज्यात राजाचे अठरा कारखाने होते आणि अठरांत नावाजलेला होता पालखीखाना. तिथल्या पालख्या उडत. त्यात नवल काही नाही. गरुडाच्या पिसांचे पंख लावले की पालखी उडतेच. दर अक्षय तृतीयेला राज्यातल्या साऱ्या नव्या नवऱ्या त्या पालख्यांत बसून खोल दरीवरून सासरी जात आणि खालची माणसं मान दुखेपर्यंत वर बघत राहत.

या पालखीखान्यात सोयरा नावाची एक बाई पंख शिवत असे. तिने पिसाशी पीस बसवलं की मधून वारा निसटायची सोय नसे. डोक्यावरून पालखी गेली की ती शेजारणीला कोपराने ढोसून म्हणे, "ती बघ, आमची!" मोठा अभिमान होता बाईला, आणि का नसावा?

पण त्या वर्षी काहीतरी बिघडलं. पालखीखान्याचा मुख्य होता दारोगा. त्याने पिसांची टोपली दिली आणि सोयराने एक पीस बोटांत धरताच ओळखलं, की हे गरुडाचं नव्हे. कावळ्याची पिसं लाखेने जोडून वर सोनेरी रंग फासला होता. उन्हाने लाख वितळली, की भर दरीवर पंख गळणार आणि पालखी नवरीसकट खाली जाणार.

सोयरा दारोग्यापुढे उभी राहिली.

"दारोगासाहेब, ही पिसं खोटी आहेत."

"घरची गोष्ट घरात राहू दे."

"लेकीबाळी मरतील, साहेब."

"तू शीव. बोलायला मी आहे."

तो बोलणार नाही हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं. सोयरा तडक चव्हाट्यावर गेली, पारावर चढली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "लोकहो, या पालख्यांत बसू नका!" पण तोंडातून शब्द बाहेर पडले ते असे: "लोकहो, या पालख्यांतच बसा!" तिने दचकून पुन्हा तोंड उघडलं. म्हणायचं होतं, पंख खोटे आहेत. निघालं, "पंख अस्सल आहेत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी दारोग्याने खूश होऊन तिला भरजरी शेला पाठवला. शेला मांडीवर घेऊन ती पारावरच रडत बसली.

चव्हाट्यावरच्या पिंपळावर एक बोलकी साळुंकी राहत असे. ती खाली उतरून म्हणाली, "बाई, चाकरीच्या पहिल्या दिवशी विडा खाल्लास ना?"

"खाल्ला. सारेच खातात. मान असतो तो."

"कसला मान! त्या विड्याच्या कातात धूम्रक मांत्रिकाचा मंत्र आहे. विडा खाल्लेला माणूस कारखान्याबाहेर धन्याविषयी वाईट बोलू लागला, की बोल उलटा होतो. खरा बोल जातो धूम्रकाच्या रांजणात. दारोगा त्याला गरुडाची पिसं देतो आणि तो दारोग्याला तुमची तोंडं बांधून देतो."

"तू तर विडा खाल्ला नाहीस. मग तूच का सांगत नाहीस?"

"घसा बसेपर्यंत सांगतेय, पालख्या खोट्या आहेत म्हणून. लोक म्हणतात, हिला काय ठाऊक? ही काय पालखीखान्यात आहे?"

सोयराने डोळे पुसले आणि शेला खांद्यावर टाकला. अक्षय तृतीया तोंडावर आली होती. साळुंकी पुढे उडाली आणि सोयरा तिच्यामागे डोंगर चढली. धूम्रकाच्या गुहेला तीन दारं होती आणि त्यांतल्या दोन दारांना वाचा होती.

पहिलं दार म्हणालं, "खोट्या बोलाबद्दल जे मिळालं, ते इथे ठेव." सोयराने शेला कडीला अडकवला. तो तसाही तिला टोचतच होता. दार उघडलं.

दुसरं दार म्हणालं, "नाव सांग. सांगितलंस तर ते दारोग्याच्या कानी जाईल. मागे फिरलीस तर कुणाला कळणार नाही." सोयराने एकदा मागे वळून पाहिलं. पण ती म्हणाली, "मी सोयरा. पालखीखान्यात पंख शिवते." दार उघडलं.

तिसऱ्या दारात धूम्रक स्वतः बसला होता. त्याच्यामागे गरुडाच्या पिसांचा ढीग आणि ढिगावर रांजण. धूम्रक गोड आवाजात म्हणाला, "तुझ्या हातात चाकरीचं तांब्याचं कडं आहे. ते मला दे आणि चाकरी सोड. मग तू कुणाची नाहीस आणि तुला कसलं बंधनही नाही. चव्हाट्यावर जाऊन काय हवं ते बोल."

सोयराचा हात कड्यावर गेला, आणि तिथेच थांबला. तिला साळुंकीचा बसलेला घसा आठवला.

"नाही," ती म्हणाली. "या हातांनी पंख शिवते म्हणून मला खोटं पीस कळलं. चाकरी सोडून कशाला बोलू? चाकरीही करीन आणि बोलेनही."

"दोन्ही कधी कुणाला मिळालं नाही."

"कुणी मागितलं नसेल."

आणि धूम्रकाच्या बाजूने आत झेपावून तिने ते कडं हातासकट रांजणावर आपटलं. रांजण फुटला. आतून खरे बोल पाखरांसारखे बाहेर पडले. कुणा पागेवाल्याचा बोल होता, घोड्यांची वैरण कुजकी आहे. कुणा गोलंदाजाचा होता, तोफेला तडा आहे. कित्येक पिढ्यांचे गिळलेले बोल ज्याच्या त्याच्या कारखान्याकडे उडत गेले. धूम्रकाचा झाला धूर आणि तो गुहेच्या फटीतून निघून गेला.

सोयरा धापा टाकत चव्हाट्यावर पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. नवऱ्या पालख्यांत बसल्या होत्या, राजा सिंहासनावर होता आणि दारोगा निशाण हलवायला उभा होता. ती पारावर चढली.

"लोकहो, या पालख्यांत बसू नका! पंख खोटे आहेत!"

यावेळी बोल सरळ निघाला.

राजा लालबुंद होऊन म्हणाला, "आमची चाकर असून आमच्याच कारखान्याची अब्रू चव्हाट्यावर आणतेस?"

"महाराज, चाकर आहे म्हणूनच आणते. आत सांगून पाहिलं, कुणी ऐकलं नाही. आणि अब्रू माझीही आहे. त्या पंखांत माझे टाके आहेत."

"खोटं बोलते ही!" दारोगा ओरडला.

"तर मग महाराज," सोयरा म्हणाली, "पहिल्या पालखीत दारोगासाहेबांना बसवा."

राजाने दारोग्याकडे पाहिलं. दारोगा पालखीकडे पाहू लागला, मग दरीकडे, मग स्वतःच्या जोड्यांकडे. पाऊल काही उचलेना. राजा समजायचं ते समजला. त्याने स्वतःच्या हाताने एकेका नवरीला खाली उतरवलं. त्यांच्या आया धावत आल्या आणि लेकींना घट्ट धरून रडल्या.

सोयराने विड्याची आणि गुहेतल्या पिसांची सारी हकीकत राजाला सांगितली. दारोगा गेला तुरुंगात. गरुडाची पिसं आली पालखीखान्यात. राजा पारापुढे उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "आजपासून चाकरीचा विडा बंद. अठरा कारखान्यांतल्या कुणीही या पारावर चढून आमची चूक सांगावी. त्याच्या भाकरीला हात लागणार नाही." मग त्याने सोयराला विचारलं, "तुला काय देऊ?"

"माझी बसायची जागा," सोयरा म्हणाली.

"ती तुझीच आहे."

त्या साली नवऱ्या डोंगरवाटेने पायी सासरी गेल्या, वाटभर कुरकुरत, पण हातीपायी धड. दुसऱ्या दिवशी सोयरा डबा घेऊन पालखीखान्याकडे निघाली तेव्हा शेजारणीने तिला अडवलं.

"अगं, राजासमोर एवढे वाभाडे काढलेस, आणि आज पुन्हा तिथेच?"

"मग कुठे जाऊ?" सोयरा म्हणाली. "आमचाच तर कारखाना आहे!"